१९८४ ची जर्मन ब्रँच लाइन, पुण्यातल्या दोन भिंतींवर

जर्मन मॉडेल रेल्वे घरी करायची म्हटलं की बहुतेक जण आधी इंजिन घेतात. तेही वाफेचं, मोठं, लाल चाकांचं. मग त्याला शोभेल असं स्टेशन, मग ब्लॅक फॉरेस्टमधलं उतरत्या छपराचं घर, बव्हेरियातलं कांद्याच्या घुमटाचं चर्च, शेवटी एखादी आयसीई, म्हणजे तिकडची अतिवेगवान गाडी. यातली प्रत्येक वस्तू जर्मनच असते, पण एकत्र मांडल्यावर त्यातून गाव उभं राहत नाही. म्हणून माझं सांगणं असं की इंजिनाच्या आधी एक जागा आणि एक वर्ष ठरवा. जमलं तर महिनाही ठरवा. गाड्या कुठल्या, दगड कुठल्या रंगाचा, रस्त्यावर मोटारी कुठल्या आणि कुठल्या सुंदर वस्तू दुकानातच ठेवून यायच्या, हे सगळं त्यावरून ठरत जातं.

माझी जागा ग्योपिंगन ते बोल. वर्ष १९८४, महिना मे. मी पिंपरीच्या एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात होते आणि प्रेस मशीनच्या कामासाठी त्या वर्षी कंपनीने मला ग्योपिंगनला पाठवलं होतं. श्टुटगार्टहून उल्मला जाणाऱ्या मुख्य मार्गावरचं हे गाव. मॉडेल रेल्वे बनवणारी मेर्कलिन कंपनी इथलीच, १८५९ पासूनची. गावातून बोलला जाणारी जेमतेम १२ किलोमीटरची एकेरी लाइन १९२६ साली सुरू झाली आणि १९८९ मध्ये तिच्यावरची प्रवासी वाहतूक थांबली. डोंगराच्या पायथ्याने, सफरचंदाच्या बागांमधून ती शेवटच्या छोट्या स्टेशनात जाऊन थांबायची. घरात मांडायला असं शेवटचं स्टेशन फार सोयीचं, कारण खऱ्यातही तिथे रूळ संपतातच.

ग्योपिंगनच्या पुढे उल्मकडे निघालं की गाइसलिंगनचा घाट लागतो. १८५० पासूनचा, १:४४ चढाचा. जड गाड्यांना मागून ढकलायला बँकर इंजिन लावायचे. कर्जत–लोणावळ्याचा १:३७ चा चढ आणि तिथले बँकर बघत वाढलेल्या कुणालाही तो घाट बघितल्यावर घरी उभारावासा वाटेल. मलाही वाटला. पण गणित करून बघा: २६.४ मीटर लांबीचा जर्मन एक्सप्रेस डबा मॉडेलच्या १:८७ मापात, म्हणजे ८७ पट लहान केल्यावर, ३० सेंटिमीटर होतो. दहा डबे आणि इंजिन म्हणजे सव्वातीन मीटर. गाडी एकटीच आपल्या खोलीच्या भिंतीपेक्षा लांब! वर दुहेरी मार्ग आणि विजेच्या तारा. पहिल्या लेआउटला ब्रँच लाइनच घ्या.

आणि १९८४ ठरवलं की वाफेचं इंजिन येत नाही. पश्चिम जर्मनीच्या डॉइचे बुंडेसबानने वाफ १९७७ च्या ऑक्टोबरमध्येच बंद केली. वाफ हवीच असेल तर वर्ष मागे न्या. १९६० घ्या आणि ६४ क्रमांकाच्या वर्गाचं छोटं टाकीवालं इंजिन आणा, काहीच हरकत नाही. मात्र मग रस्त्यावरची फोक्सवागन गोल्फही काढा, ती १९७४ ची. माझ्याकडे लाल शीनेनबुस आहे, म्हणजे बससारखी दिसणारी डिझेल रेलगाडी आणि तिचा मागचा डबा. शिवाय २१२ वर्गाचं डिझेल, शंटिंगचं एक छोटं इंजिन आणि मूठभर मालडबे. इतकं पुरतं.

मोजमाप आणि रूळ

एचओ म्हणजे १:८७. जर्मन गेज १४३५ मिलिमीटर, त्याला ८७ ने भागलं की १६.५ येतात, मॉडेलच्या रुळांमधलं अंतर तेच. "त्याच रुळांवर आपली डेक्कन क्वीनही पळवता येईल ना?" असं घरी येणारे विचारतात. पळवता येईल, पण आपलं ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचं, त्याचे १:८७ मध्ये सव्वाएकोणीस होतात. प्रमाण बिघडतं. जर्मन लाइन करताना ही अडचणच नाही. युरोपातल्या बहुतेक वस्तू याच मापात तयार मिळतात. जागा फारच कमी असेल तर एन, म्हणजे १:१६०, रूळ ९ मिलिमीटरचे. पण चष्म्याचा नंबर वाढलेल्यांनी एचओच घ्यावं. हातात धरून दुरुस्ती करता येते.

पुढचा निर्णय दोन रूळ की तीन. मेर्कलिनच्या पद्धतीत स्लीपरच्या मधोमध बारीक खिळ्यांची रांग असते आणि इंजिनाखालची पट्टी त्यावरून घासत जाते. दोन्ही रूळ विजेच्या दृष्टीने एकच. रोको, पिको, फ्लाइशमान या कंपन्यांच्या गाड्या मुख्यतः दोन रुळांवर चालतात. डावा रूळ एक टोक, उजवा दुसरं. दिसायला दोन रुळांची बाजू सरस, खिळे नसल्यामुळे. मी तीन रुळांचं घेतलं आणि पुण्यात कुणालाही तेच सांगेन. आपल्याकडे धूळ फार. घासून जाणारी पट्टी खिळे आपोआप पुसत राहते आणि परतीचा प्रवाह दोन्ही रुळांतून जात असल्याने गाडी अडखळत नाही. पुढे कधी रूळ वळवून परत त्याच मार्गाला जोडावासा वाटला, तर दोन रुळांत तिथे सरळ शॉर्ट होतो. तीन रुळांत काहीच करावं लागत नाही.

सामान कुणीतरी येताना आणतं. पुण्यात असं घर विरळाच, जिथलं कुणी श्टुटगार्ट किंवा म्युनिकला नसेल. जर्मनीतही २३० व्होल्ट, ५० हर्ट्झच आहे, त्यामुळे नवा पॉवर सप्लाय जसाच्या तसा चालतो, फक्त प्लगचं बघावं लागतं. जुन्या बाजारातला मेर्कलिनचा निळा ट्रान्सफॉर्मर मात्र कुणी प्रेमाने आणून दिला तरी डिजिटल इंजिनाला लावू नका. त्या काळी इंजिनाची दिशा बदलायला रुळात २४ व्होल्टचा झटका देत. हे ट्रान्सफॉर्मर २२० व्होल्टसाठी बांधलेले; आपल्या २३०–२४० वर तो झटका आणखी मोठा होतो आणि इंजिनातला डीकोडर, म्हणजे कंट्रोलरचे हुकूम ओळखणारं सर्किट, जळतो. पेटीत शोभेला ठेवा.

नकाशा आधी जमिनीवर

कॉम्प्युटरवर रुळांचे नकाशे काढायचे प्रोग्रॅम चांगले आहेत. तरी मी सांगेन, तपकिरी कागद आणा, चिकटवून खोलीच्या जमिनीवर पसरा आणि खऱ्या मापाने काढा. तीस वर्षं ड्रॉइंग बोर्डावर काढल्यावर माझा यावर ठाम विश्वास बसला आहे: खऱ्या मापाच्या रेषेजवळ उभं राहिलं की हात कुठे पोचत नाही, दार कुठे आपटतं, हे लगेच कळतं. हात साठ-पासष्ट सेंटिमीटरपर्यंत नीट पोचतो. त्याहून खोल फळी भिंतीला लावू नये.

दहा बाय दहाच्या खोलीत माझा आराखडा इंग्रजी एलसारखा आहे. एका भिंतीवर २.४ मीटर स्टेशन, कोपऱ्यात ६० बाय ६० चा तुकडा, दुसऱ्या भिंतीवर १.२ मीटरचं लपलेलं यार्ड. जर्मन मंडळी त्याला शाटनबानहोफ म्हणतात. तिथे तीन रूळ शेजारी-शेजारी, पुढे पुस्तकांचं कपाट. गाडी कपाटामागून येते म्हणजे ग्योपिंगनहून येते.

स्टेशनात इंजिनाला डब्यांच्या दुसऱ्या टोकाला जाण्यासाठी लूप, म्हणजे शेजारून जाणारा दुसरा रूळ, लागतो. मेर्कलिनच्या सी रुळांत, म्हणजे खडीसकट येणाऱ्या प्लॅस्टिकच्या बैठकीवरच्या रुळांत, समांतर रुळांमधलं अंतर ७७.५ मिलिमीटर. एका टोकाला पॉइंट (गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारा सांधा) आणि उलटं वळण मिळून साधारण ३७ सेंटिमीटर खातात, दुसऱ्या टोकाला तेवढेच. मध्ये गाडी उभी राहायला ६० सेंटिमीटर. पलीकडे इंजिन उभं राहायला २५. बेरीज १.६ मीटर. उरलेल्या ८० सेंटिमीटरमध्ये बाग, फाटक आणि रस्ता. ६० सेंटिमीटरमध्ये शीनेनबुसची जोडी आरामात बसते, इंजिनामागे तीन छोटे डबेही बसतात. लांब एक्सप्रेस डबे बसत नाहीत, बसवूही नका. कोपऱ्यातलं वळण आर-३ घ्या, ५१५ मिलिमीटर त्रिज्येचं. आर-१ फक्त ३६० चं. त्यावर गाडी जाते, पण डबे वळणाबाहेर फाकलेले दिसतात.

गाडी गोल फिरत राहिलेली बघण्यातच ज्यांना आनंद आहे त्यांनी ८ बाय ४ फुटांची आख्खी फळी घ्यावी. आर-३ चा व्यास १०३० मिलिमीटर, फळीची रुंदी १२२०; बरोबर बसतो. पण ती फळी खोलीच्या मधोमध हवी, चारी बाजूंनी फिरता यायला हवं. पूल करायचा असेल तर लक्षात घ्या, ९ सेंटिमीटर वर चढायला ३ टक्के चढाने ३ मीटर रूळ लागतो आणि तेवढाच उतरायला. लहान जागेत पुलाचा हट्ट सोडलेला बरा.

लाकूड

भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून १२ मिलिमीटरचं बीडब्ल्यूआर, म्हणजे पाण्याला टिकणारं, प्लाय घ्या. ८ बाय ४ ची एकच शीट पुरते: ती लांबीत मधोमध कापली की ६१ सेंटिमीटर रुंदीच्या दोन पट्ट्या मिळतात. एक स्टेशनला, दुसरीतून कोपरा आणि यार्ड, वर दोन फूट उरतात ते कंसांना. कापणी तिथेच मशीनवर करून घ्या. स्टेशनची पट्टीसुद्धा १.२ मीटरच्या दोन तुकड्यांत करा आणि सगळे तुकडे बोल्ट-विंगनटने जोडा. आमच्या भागातल्या निम्म्या सोसायट्या रिडेव्हलपमेंटला गेल्या आहेत. घर सोडायची वेळ कुणावरही येईल, आणि लिफ्टमध्ये २.४ मीटरची फळी जात नाही.

काम कधी काढायचं यावर माझ्या सुताराने दिलेला सल्ला सोन्यासारखा होता. जुलैत फोन केला तर म्हणाले, "ताई, आत्ता नको. लाकूड पाणी प्यायलेलं आहे. दिवाळी होऊ द्या." दिवाळीनंतर सांगाडा केला, पाइनच्या दोन बाय एक इंचाच्या पट्ट्यांचा, दर ४० सेंटिमीटरला आडवी पट्टी. मग प्लायच्या दोन्ही बाजूंना आणि विशेषतः कडांना वूड प्रायमरचे दोन हात. कडा राहिल्या तर पुढच्या जूनमध्ये ओल तिथूनच शिरते आणि फळी ताटासारखी वाकते.

उंची जमिनीपासून ११० सेंटिमीटर ठेवली आहे. बसलं की गाडी डोळ्यासमोर येते. वरून बघितलेलं गाव खेळण्यासारखं वाटतं, समोरून बघितलं की खरं वाटायला लागतं. शंका असेल तर आधी कोथरूडला जोशींच्या लघुरेल्वे संग्रहालयात जाऊन या. १९९८ पासून ते लोकांसाठी खुलं आहे. तिथे एकदा उभं राहून आणि एकदा वाकून गाड्या बघा.

सी रुळांची बैठक आतून पोकळ असते, त्यामुळे उघड्या प्लायवर गाडी चालली की खडखडाट होतो. खाली ५ मिलिमीटर कॉर्क किंवा ईव्हीए फोम घाला आणि रूळ स्क्रूने आवळू नका. स्क्रूमधून आवाज थेट फळीत उतरतो. रूळ एकमेकांत टिचकीने बसतात. मोजक्या ठिकाणी चिकटवले तरी हलत नाहीत.

वायरिंग

यात फार शिरत नाही, कारण तीन रुळांत शिरण्यासारखं फार नाही. तपकीर गल्लीतून ०.७५ चौरस मिलिमीटरची लवचीक वायर लाल आणि तपकिरी घ्या. मेर्कलिनच्या पद्धतीत लाल म्हणजे मधले खिळे, तपकिरी म्हणजे रूळ. हाच नियम फळीखालीही पाळा. दर दोन मीटरला, आणि प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र, रुळात वीज सोडा. रुळांच्या सांध्यांवर विसंबलं की टोकाला गाडी मंदावते.

घरांतल्या दिव्यांना रुळांची वीज वापरू नका. १२ व्होल्टचा साधा अडॅप्टर वेगळा ठेवा. वॉर्म व्हाइट एलईडी आणि १.८ किलोओहमचा रेझिस्टर. प्रवाह ५ मिलिअँपिअरच्या आसपास राहतो आणि खिडकी घरासारखी उजळते. बहुतेक जण रेझिस्टर छोटा लावतात आणि शेतकऱ्याच्या घरातून लग्नाच्या हॉलसारखा उजेड येतो. स्वयंपाकघराची एक खिडकी उजळली तरी पुरे, बाकी घर अंधारात राहू द्या.

माती, दगड, झाडं

आता माझ्या सर्वांत आवडीचा भाग. आपली नजर सह्याद्रीवर तयार झालेली. डोंगर म्हटला की हात आपसूक काळा बसाल्ट रंगवतो, आडव्या थरांचा, पावसात ओला झालेला. बोलच्या मागचा श्वेबिशे आल्बचा डोंगर दुरून आपल्यासारखाच दिसतो: लांबच लांब सपाट माथा आणि एकदम तुटलेली कड. पण त्या कडेतून डोकावणारा दगड चुनखडीचा, जवळजवळ पांढरा. हा एक रंग बरोबर आला की श्वाबियात, म्हणजे त्या भागात, राहिलेला माणूस जागा ओळखतो. चुकला की कितीही महागडं स्टेशन ठेवा, ते खंडाळ्यात उभं राहिल्यासारखं वाटतं.

डोंगराचा सांगाडा करायला ज्याने लहानपणी दिवाळीचा किल्ला केला आहे त्याला काहीच शिकवावं लागत नाही. दगड-विटांच्या जागी वर्तमानपत्राचे बोळे आणि पुठ्ठ्याच्या पट्ट्या, चिखलात बुडवलेल्या पोत्याच्या जागी प्लास्टर बँडेज, हाड मोडल्यावर लावतात ते. औषधांच्या दुकानात मिळतं. पाण्यात बुडवून दोन थर द्यायचे, दुसऱ्या दिवशी कडक होतं. माती मात्र वापरू नका. ओलावा धरते, फळीला वजन होतं, आणि रंगही आपल्याकडचाच येतो.

कड्यासाठी पीओपी थोडं घट्ट कालवून हाताने लावा आणि आवळायला लागलं की जुन्या सुरीने उभ्या-आडव्या भेगा पाडा. रंग: पांढऱ्यात यलो ऑकरचा थेंब आणि करड्याचा त्याहून छोटा थेंब. वाळल्यावर अगदी पातळ तपकिरी पाणी वरून सोडा, ते भेगांमध्ये जाऊन बसतं. कड्याखाली पडलेली दगडांची घसरण मी रांगोळीने केली आहे. साधी पांढरी, जाडसर, चिमटीने काढायची रांगोळी. तिचा अर्ध्या मिलिमीटरचा कण १:८७ मध्ये चार-साडेचार सेंटिमीटरचा खडा होतो, हवा तसाच. चहाच्या गाळणीने चाळली की बारीक भुकटी गावातल्या कच्च्या वाटेला वापरायची. जागच्या जागी चिकटवायला एक भाग फेव्हिकॉल, तीन भाग पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, ड्रॉपरने सोडायचं. थेंब विसरलात तर पाणी रांगोळीवर मोत्यासारखं गोळा होतं आणि शिरतच नाही.

गवत उभं राहायला हवं. त्यासाठी डास मारायच्या रॅकेटचं सर्किट वापरता येतं. एक वायर स्टीलच्या गाळणीला, दुसरी ओल्या फेव्हिकॉलमध्ये रोवलेल्या खिळ्याला. गाळणीत गवताचे तंतू घालून बटण दाबून हलवलं की तंतू सरळ उभे राहून चिकटतात. काम झालं की दोन्ही वायरींची टोकं एकमेकांना लावूनच मग हात लावा, सर्किटमध्ये चार्ज उरतो आणि सणसणीत झटका बसतो. लहान मुलांच्या हातात हे देऊ नये. २ मिलिमीटरचे तंतू म्हणजे गुडघ्याखालचं गवत, ४ मिलिमीटरचे म्हणजे कापणीला आलेलं कुरण. मेमध्ये दोन्ही शेजारी-शेजारी दिसतात. हिरवा रंग निवडताना आपल्या श्रावणातला गर्द हिरवा बाजूला ठेवा. तिकडचा मे पिवळसर, कोवळा असतो.

आणि झाडं. जर्मनी म्हणजे सूचिपर्णी जंगल असं समजून सगळे पाकिटातली टोकदार झाडं ओळीने रोवतात. आल्बच्या उतारावर मुख्यतः बीच, म्हणजे गोल डेऱ्याची पानगळीची झाडं. पायथ्याला कुरणातच विखरून लावलेली सफरचंद-चेरीची. वर माथ्याकडे मेंढ्या चरून चरून झालेली उघडी माळरानं, त्यात गडद हिरवे, भाल्यासारखे जुनिपर. सफरचंदाचं झाड पाच-सहा मीटरचं, म्हणजे मॉडेलमध्ये ६-७ सेंटिमीटर. टाकाऊ वायरमधल्या तांब्याच्या तारा पिळून खोड आणि फांद्या करा, फेव्हिकॉल आणि तपकिरी रंगाचा हात द्या, मग मिक्सरमधून काढलेला जुना स्पंज रंगवून लावा. मिक्सरचं भांडं यासाठी वेगळंच ठेवा. दोन झाडांत साधारण ११ सेंटिमीटर. रांगेत लावा, पण रांग पट्टीने आखल्यासारखी नको. जुनिपर टूथपिकला काथ्या गुंडाळून होतात, ४ सेंटिमीटरचे. बीच खऱ्या मापाने ३० सेंटिमीटरच्या वर जातील, ते सगळं झाकून टाकतात; मी १५-१६ वर थांबते आणि मागे लहान करत नेते.

मागच्या सनबोर्डावर आकाश, क्षितिजाकडे फिकट होत जाणारं. त्यावर एकच ओळखीची खूण: होहेनश्टाउफेन, ६८४ मीटरचा एकटा उभा शंकू. ग्योपिंगनमध्ये राहिलेल्या कुणालाही तो पाठ असतो. फिक्या निळसर करड्या रंगात काढा, रेषा ठळक नको.

गाव

घरांचे किट फालर, आउहागन, फोल्मर, किब्री यांचे मिळतात. किट जोडण्याआधी भाग मॅट रंगाने रंगवा. प्लॅस्टिकची चमक राहिली तर सगळी मेहनत वाया. पुठ्ठ्यातून स्वतः करायचं असेल तर दोन मापं लक्षात ठेवा: दार २३ मिलिमीटर उंच, मजला ३२. छपरं उंच आणि लाल कौलांची, आपल्या कोकणी घरापेक्षा बरीच जास्त चढाची.

आपण भारतीय नजरेने काही गोष्टी हमखास वेगळ्या करून बसतो, त्या इथे सांगते. प्लॅटफॉर्म: आपला उंच, डब्याच्या दारापर्यंत आलेला. तिथल्या छोट्या स्टेशनांवर ३८ सेंटिमीटर किंवा त्याहून कमी, म्हणजे मॉडेलमध्ये रुळावर चार मिलिमीटर. लोक पायऱ्या चढून डब्यात जातात. रस्ता: वाहनं उजवीकडून. सिग्नल रुळाच्या उजव्या हाताला, आणि हाताचा सिग्नल असेल तर गाडीला मोकळा असताना पांढरा-लाल हात वर उचललेला. गर्दी: नाही. संध्याकाळच्या गाडीला तीन माणसं आणि एक सायकल. प्रायझर कंपनीच्या चिमुकल्या माणसांचं पाकीट मोठं असतं, सगळी माणसं बाहेर काढायचा मोह आवरा. गावाच्या सुरुवातीला पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत नाव. मोटारींच्या नंबरप्लेट पांढऱ्या, अक्षरं काळी, जिल्ह्याची खूण जीपी. डावीकडची निळी युरोपीय पट्टी नंतरची आहे. स्टेशनच्या भिंतीवर गाड्या सुटण्याचं वेळापत्रक पिवळ्या कागदावर, येण्याचं पांढऱ्यावर. १:८७ मध्ये ते सेंटिमीटरभर आकाराचे दोन तुकडे होतात. तेवढ्याने भिंत रेल्वेची वाटायला लागते.

प्रकाशाकडे कुणी लक्ष देत नाही, आणि मला तो दगडाइतकाच महत्त्वाचा वाटतो. पुण्यात मेमध्ये दुपारी सूर्य डोक्यावर, सावली पायाखाली. ग्योपिंगन ४८.७ अंश उत्तरेला. ऐन जूनच्या मध्यान्हीही सूर्य ६५ अंशांच्या वर चढत नाही. म्हणून एलईडीची पट्टी बरोबर वर लावू नका. लेआउटच्या पुढे, बघणाऱ्याच्या डोक्यावरच्या बाजूने, तिरकी लावा. झाडांच्या सावल्या मागे कुरणावर पडतात आणि छपरांना आकार येतो.

गाडी चालवताना

सगळेच फार जोरात चालवतात. ताशी ६० किलोमीटर हा ब्रँच लाइनचा वेग १:८७ मध्ये सेकंदाला १९ सेंटिमीटर होतो. एक मीटर जायला पाच सेकंदांपेक्षा थोडं जास्त. दोन झाडांमध्ये मीटर मोजून खूण करा, मोबाइलवर वेळ लावा आणि इंजिनाचा कमाल वेग कंट्रोलरमध्ये त्याप्रमाणे कमी करा. लांबी कमी वाटण्याची तक्रार तिथेच निम्मी संपते. मग एक वेळापत्रक लिहा. माझ्याकडे सकाळची शीनेनबुस, साडेनऊला दोन मालडबे घेऊन २१२, शंटिंग, परत. भाचा येतो तेव्हा तो यार्ड सांभाळतो, मी स्टेशन. मधलं कपाट असल्यामुळे त्याची गाडी मला दिसत नाही, तो "निघाली, मावशी" म्हणून ओरडतो तेव्हा मी सिग्नल देते.

देखभाल थोडी, पण नेमाने. रूळ पॉलिश पेपरने कधीही घासू नका, चरे पडतात आणि त्यात घाण जास्त बसते. सुती कापडाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा. तेल सुईच्या टोकावर येईल तेवढंच, आसावर. इंजिनाच्या चाकांवरची रबरी कडी आपल्या उन्हाळ्यात कडक होते. जादाच्या कड्या मागवून ठेवा. झाकायला सुती चादर नको, तिचे तंतू आसांत गुंडाळतात. नायलॉनची जुनी साडी चांगली. पावसाळ्यात जाड प्लॅस्टिकने घट्ट गुंडाळूनही ठेवू नका, आतल्या आत ओल धरते. साडीच राहू द्या, खोलीची खिडकी दुपारी उघडा आणि दर रविवारी एकदा तरी गाडी शेवटपर्यंत नेऊन आणा. जून ते सप्टेंबर नवीन पीओपी, नवीन गवत असलं काही काढू नये, वाळतच नाही. त्या महिन्यांत टेबलावर बसून घरांचे किट रंगवावेत.